मगदूम सरांना आबा काय सांगायचे

मगदूम सरांबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. मला त्यांचा हेवा वाटतो. निरोप समारंभात सगळे म्हणतात तसला कौतुकाचा हेवा नव्हे. जेवण गोड लागू देत नाही तसला. आम्ही दोघं कोल्हापुरातल्या एकाच शाळेत इंग्रजी शिकवत होतो, वर्ग शेजारीशेजारी, मध्ये एक भिंत. ते निवृत्त होऊन त्यांच्या गावी, कुरुंदवाडला गेले. माझीही निवृत्ती आता तोंडावर आली आहे, पण हेवा काही निवृत्त व्हायला तयार नाही.

माणूस दिसायला आडदांड. केस होते तोवर खिशात कंगवा असायचा आणि केस गेल्यावरही कंगवा तसाच राहिला. आवाज असा, की त्यांचा धडा माझ्या वर्गातल्या मुलांनाही पाठ व्हायचा. मधल्या सुट्टीत ते स्वतःचा डबा उघडायच्या आधी इतरांचे डबे चाखून यायचे आणि कुणाच्या घरची चटणी यंदा बिघडली आहे ते सगळ्यांसमोर सांगायचे. मी असं केलं असतं तर लोक माझ्याशी बोलले नसते. त्यांनी केलं की बायका दुसऱ्या दिवशी वाटीभर जास्त आणायच्या.

त्यांचं इंग्रजी ऐकून मला घाम फुटायचा. उच्चार अस्सल कुरुंदवाडच्या नदीकाठचे. बोलता बोलता वाक्य अडलं की मधे 'की' घालून पुढं जायचे. मी विद्यापीठात पहिली आलेली, उच्चारांसाठी आरशासमोर उभी राहून तोंड वेडंवाकडं करून शिकलेली. तरीही वर्षाच्या सुरुवातीला तुकड्या वाटल्या जायच्या तेव्हा पालक मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभे असायचे ते मुलाला मगदूम सरांकडे घाला म्हणून. माझ्याकडे घाला म्हणून कुणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही.

त्यांची शिकवायची रीत एकच होती आणि ती त्यांनी कोल्हापूरकडून उचलली होती. आमच्या गावात पत्ता सांगायची पद्धत बाहेरच्या माणसाला वेड लावणारी आहे. आम्ही जे आहे त्यावरून पत्ता सांगत नाही, जे नाही त्यावरून सांगतो. 'पिंपळाखाली या' म्हणतो, आणि तो पिंपळ सांगणाऱ्यानंही पाहिलेला नसतो. मंगळवार पेठेत आमची गल्ली अजून टॉकीजच्या मागची गल्ली आहे. टॉकीज पाडून तिथं लिफ्टची इमारत उभी राहिली, तिच्यातली मुलं कॉलेजात गेली, तरी ती टॉकीजच.

सरांचं म्हणणं असं, की ज्या गावातला पोस्टमनसुद्धा नसलेल्या झाडाखाली पत्र पोचवतो त्या गावाला इंग्रजी शिकवायला तक्ते कशाला पाहिजेत. ते एकदा स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "मॅडम, इंग्रजी येत न्हाय असं कुणी नसतंय. बोलायला विषय नसतोय. आणि आपल्या माणसाला कुठनंबी उठवा, आधी काय हुतं ते सांगतोय बघा." म्हणून त्यांचा पहिला धडा ओळख करून देण्याचा नसायचा, 'यूज्ड टु'चा असायचा. इथं टॉकीज असायची. मी इथं पोहायचो. आई विहिरीवर जायची. मग 'नो लाँगर', मग 'नॉट एनीमोअर', मग थकल्याभागल्या वस्तूंसाठी इंग्रज माणूस म्हणतो ते 'हॅज सीन बेटर डेज'. हे शेवटचं त्यांचं लाडकं. ते त्यांनी स्वतःच्या स्कूटरला लावलं, शाळेच्या घंटेला लावलं आणि एकदा मुख्याध्यापकांच्या देखत मुख्याध्यापकांच्या खुर्चीलाही लावलं. मी त्यांना सांगितलं, की यात इंग्रजीचं वेगळं काही नाही, आपल्या 'जायचो, यायचो'मध्ये हे सगळं आहेच. तर म्हणाले, आहेच की, म्हणून तर पोरांना लगेच कळतंय. मी भांडायला गेले होते आणि त्यांनी माझंच म्हणणं खिशात घातलं.

एका वर्षी शिक्षण खात्याचे एक साहेब आमच्या दोघांचे पाठ बघायला येणार होते. मी आठवडाभर बसून काळांचा तक्ता रंगवला, पानवेलीची नक्षी काढली. आधी सरांचा पाठ. ते वर्ग घेऊन सरळ रस्त्यावर गेले. साहेबही मागोमाग. नाक्यावर मुलांनी म्हाताऱ्या माणसांना गाठून इथं आधी काय होतं ते विचारायचं आणि येऊन इंग्रजीत सांगायचं. एका आजोबांनी घोड्यांच्या पागेचं सांगितलं, केळी विकणाऱ्या मावशींनी सार्वजनिक नळाचं आणि नळावरच्या भांडणांचं. मुलं तोडक्यामोडक्या इंग्रजीत ओरडून सांगत होती आणि सर एकालाही थांबवत नव्हते. शेवटी साहेबच बोलायला लागले. ते लहानपणी आमच्या गल्लीपुढच्या त्या टॉकीजच्या भिंतीला कान लावून पिक्चर ऐकायचे, कारण तिकिटाला घरचे पैसे द्यायचे नाहीत. हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढं चहा, मिसळ, आणि माझ्या पाठाची वेळ संपली. साहेब जाताना मला म्हणाले, तुमचा तक्ता छान दिसतोय. गुंडाळलेला तक्ता छान दिसतोय!

हे सगळं मी सहन केलं. नोकरीत कुणीतरी पुढं जायचंच. पण नंतर मगदूम सर माझ्या घरात शिरले, आणि ते मी आजही सहन करू शकत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, वारणानगरला साखर कारखान्यात केमिस्ट होते. सगळा जन्म कॉलनीत गेला. मी पाचवीत गेले तशी चांगल्या शाळेसाठी मला कोल्हापूरला मावशीकडे ठेवलं. वारणानगरला मी जायची ती दिवाळीला आणि मे महिन्यात. त्यामुळं आबा माझ्या ओळखीचे होते ते सुट्टीतले. कपडे आणणारे, आंबे आणणारे, कमी बोलणारे. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले आणि उरलंसुरलं बोलणंही बंद झालं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी खिडकी. मी शाळेतून आले की विचारायची, जेवलात का. ते म्हणायचे, जेवलो. मी शिकवण्यांना बसायची. असे दिवस गेले.

माझ्या भावाची मुलगी रेवा कॅनडात वाढते आहे. तिला मराठी कळतं, बोलता येत नाही. व्हिडिओवर आजोबा दिसले की ती भराभर बोलायची आणि आबा 'हॅलो, हाउ आर यू, फाइन' एवढं म्हणून फोन माझ्या हातात द्यायचे. मी ठरवलं, आबांना इंग्रजी शिकवायचं. घरातच शिक्षिका आहे, बाहेर कशाला जायचं. चहा झाला की आम्ही टेबलाशी बसायचो. आबा चुकले की मी दुरुस्त करायची, ते पुन्हा म्हणायचे, पुन्हा चुकायचे, मी पुन्हा दुरुस्त करायची. दुसरं काय करतात शिक्षक? आठवड्याभरात आबा म्हणाले, डोळे दुखतात. बोलायला डोळे कशाला लागतात हे मी विचारलं नाही.

त्याच सुमाराला एका रविवारी सर वांगी घेऊन आले. गावाहून आले की ते ओळखीच्या प्रत्येक घरी नदीकाठची वांगी पोचवायचे. मी आत चहा ठेवला तोवर ते आबांच्या कॉटवर मांडी घालून बसले होते. "आबा, तुमी वारणेला गेलासा तवा काय काय न्हवतं तिथं?" एवढंच विचारलं. आहे काय, असं नाही विचारलं. चहा उकळून उतू गेला, कारण मी स्वयंपाकघरात उभी राहून माझ्या वडिलांचा आवाज ऐकत होते. डांबरी रस्ता नव्हता, नळ नव्हता, दवाखाना नव्हता, रात्रपाळीला जाताना हातात कंदील असायचा. त्यातलं निम्मं मलाच नवीन होतं. मग सर म्हणाले, आता हेच इंग्रजीत. आणि आबांनी सांगितलं. चुकतमाकत, हातवारे करत. मी बाहेर आले तसे ते गप्प झाले आणि कप घ्यायला हात पुढं केला.

सरांचा तेव्हा म्हाताऱ्या माणसांसाठी एक वर्ग चालायचा, पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या हॉलमध्ये, संध्याकाळी. खाली पोरं जोर काढायची आणि वर पोरं परदेशात गेलेले आईबाप इंग्रजी बोलायचे. आबा टोपी घालून जायला लागले. परत यायचे ते चेहरा उजळलेला घेऊन. मी दारातच विचारायची, आज काय शिकवलं. आबा म्हणायचे, "चाललंय." कपडे बदलून खिडकीशी बसायचे. रेवाशी मात्र आता तासभर बोलणं व्हायचं, कारखान्यापुढं लागणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगेबद्दल, मळीच्या वासाबद्दल. स्वतःबद्दल नाही. ते सगळं त्या हॉलमध्ये.

हे मला कळलं ते सरांकडूनच. स्टाफरूममध्ये वह्या तपासता तपासता ते म्हणाले, "मॅडम, आबा लई भारी बोलतात की. परवा आक्खा वर्ग रडीवला त्यांनी." मी विचारलं, काय बोलले. तेवढ्यात घंटा झाली, ते खडू घेऊन उठले. मी परत विचारायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण माझ्या वडिलांनी काय सांगितलं हे मी मगदूम सरांना विचारायचं? माझ्यानं झालं नाही ते.

एकदा मी त्या हॉलचा जिना चढले. आबांची छत्री द्यायच्या निमित्तानं. पावसाळा नव्हता, पण हाताला तेवढंच लागलं. वरून आबांचा आवाज येत होता, आणि मग हसण्याचा. आबा असे हसतात हे मला माहीत नव्हतं. मी दारात दिसले आणि सगळी म्हातारी माणसं शाळेतल्यासारखी उभी राहिली, एक निवृत्त बँकवाले काका तर गुड ईव्हिनिंग मॅडमसुद्धा म्हणाले. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि वाक्य अर्धं सोडून खाली बसले. सर म्हणाले, या की मॅडम, बसा. मी छत्री भिंतीला टेकवली आणि परत आले. वाटेत मला कळेना मला कुणाचा राग आला आहे, आणि मग कळलं की सगळ्यांचाच. त्या बँकवाल्यांचासुद्धा.

सर निवृत्त झाले, वर्ग बंद पडला. गेल्या थंडीत आबा गेले. थोडंसं आजारपण, दवाखाना, आणि संपलं. सर कुरुंदवाडहून पहिल्या गाडीनं आले आणि दारातच हंबरडा फोडून रडले. माणसं त्यांनाच पाणी देत होती, पाठीवर हात फिरवत होती. मला रडू आलं नाही. मी उभी राहून त्यांच्याकडे बघत होते आणि मनात येत होतं, की याला माहीत असलेला माणूस गेला म्हणून हा एवढा रडू शकतो. माझ्याकडे रडायला तेवढंही नाही.

त्यानंतर काही महिने मी आबांची खोली आवरत राहिले. कपडे, चष्मा, औषधं. माणूस कुठंच सापडेना. भाऊ फोनवर म्हणायचा, तुझ्याजवळ तरी होते ते. तेव्हा मी ठरवलं की जायचं. नोकरीभर ज्या माणसाकडे मी साधा डस्टर मागितला नाही त्याच्याकडे जाऊन माझे वडील मागायचे.

कुरुंदवाडला उतरून मी सरांचं घर विचारलं, तर तिथल्याही माणसानं नसलेल्या वखारीवरून पत्ता सांगितला. सर पुढच्या सोप्यात, ओसरीवर बसून वांगी निवडत होते, काही देण्याची, काही घरची. मला बघून चकित झाले, पण तसं दाखवलं नाही. सरांच्या पत्नींनी, वहिनींनी, जेवायला वाढलं. सर गावच्या महापुराचं बोलले, भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं, माझ्या भाजीत मीठ कमी असायचं त्याची आठवण काढली. जेवणं झाली, वहिनी आत गेल्या. मग मी म्हणाले, "सर, आबा तुमच्या वर्गात काय सांगायचे, ते मला पाहिजे."

त्यांनी राहिलेली वांगी पुढ्यात ओढली. मग म्हणाले, "लई काय काय सांगायचं." आणि सांगायला लागले. आबा तरुणपणी गाणं शिकत होते, नोकरी लागल्यावर सोडलं, पण मी कोल्हापूरला गेल्यावर न्हाणीघरात पुन्हा गायला लागले. आई रागावली की अंगणात जाऊन मोठ्यानं नाट्यपद म्हणायचे, म्हणजे शेजारी ऐकतात म्हणून ती गप्प बसायची. मी हे पहिल्यांदा ऐकत होते. वाईट हे, की सर ते आबांच्या आवाजात सांगत होते, अगदी त्यांच्या अडखळण्यासकट, वाक्याआधी घसा साफ करण्यासकट. माझ्या वडिलांचा आवाज त्या आडदांड माणसाच्या गळ्यात शाबूत होता आणि माझ्या कानात नव्हता. मी विचारलं, आबा हे घरी कधी का बोलले नाहीत.

"मराठीत असलं बोलाय गेलं की गळा दाटतोय, मॅडम," सर म्हणाले. "इंग्रजीत शब्द हुडकण्यात डोकं गुतलेलं असतंय. रडाय सवड कुठली? म्हणून म्हातारी माणसं माझ्याकडं बोलायची. माझं कायबी न्हाय त्यात."

मग त्यांनी मला विचारलं, तुम्ही दिवाळीला आणि मेमध्येच घरी जायच्या का. मी हो म्हणाले. ते म्हणाले, आबा दर शनिवारी संध्याकाळी स्टँडवर जायचे. कोल्हापूरची शेवटची गाडी येईपर्यंत थांबायचे, सगळी माणसं उतरली की घरी यायचे. आईला सांगायचे, फिरायला गेलो होतो. वर्गातल्या त्या बँकवाल्यांनी विचारलं होतं, की मुलगी येणार नाही हे ठाऊक होतं तर जायचात कशाला. आबा म्हणाले होते, "शी माइट कम."

एवढं सांगून सर उठले आणि निवडलेली वांगी पिशवीत भरायला लागले. मी विचारलं, पुढं? ते म्हणाले, पुढं काय न्हाय. एरवी समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारा माणूस खोटं बोलताना पिशवीकडे बघत होता. मी म्हणाले, "सर, मी एवढ्या लांबून आले आहे."

"न्हाय ऐकलं तर बरं," ते म्हणाले. मी उठले नाही. मग ते पिशवी खाली ठेवून समोर बसले. "माझी एक सवय हुती. कुणी आधीचं सांगितलं की मी इचारायचो, अँड नाऊ? म्हंजे आत्ताचंबी वाक्य करायचं. कुणी म्हणायचं नाऊ देअर इज अ बँक, कुणी म्हणायचं नाऊ आय हॅव शुगर. हसायची सगळी. तसं आबांना इचारलं मी. आबा म्हणालं, नाऊ आय लिव्ह इन हर हाउस. स्टिल आय वेट."

 मला सरांचा संताप आला. मी म्हणाले, हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं, आबा होते तेव्हा. मी शेजारच्या वर्गात होते, सर. एका भिंतीपलीकडे.

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आबा वर्गाला आलं नसतं," ते म्हणाले. "मग त्यांनी बोलायचं कुणापाशी?"

 मी पर्स उचलली. ते नको म्हणत असताना माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आले, वांग्यांची पिशवी स्वतःच धरून. गाडी लागलेलीच होती. त्यांनी मला खिडकीची जागा धरून दिली, कंडक्टरला सांगितलं, पावणं, मॅडमना नीट उतरवा. मग खाली जाऊन उभे राहिले. गाडी सुटायला वेळ होता. मी त्यांना जा म्हणून हात केला. ते गेले नाहीत, बोललेही नाहीत. बोलल्याशिवाय उभे असलेले मगदूम सर मी आधी कधी पाहिले नव्हते.

गाडी निघाली. मी मागं वळून बघितलं. माणसं पांगली होती, रिकाम्या फलाटावर ते एकटेच गाडीकडे बघत उभे होते, वळणापर्यंत दिसले. वारणानगरला शनिवारी एक माणूस असाच उभा असायचा, माझ्यासाठी, आणि ते सरांना इंग्रजीत ऐकायला मिळालं. मला मराठीतसुद्धा नाही.